सरकारी आयटीआय, मशिनिस्ट ट्रेड: भाचीची दोन वर्षं जवळून बघून लिहिलेला रिव्ह्यू

दहावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात, आमच्या पोराला कुठं घालू, आयटीआय बरी का, पोरीला मशिनवर घातलीस ते बरं झालं का वाईट. दर वेळी तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच बसून सगळं लिहिते. माझी भाची, म्हणजे ताईची मुलगी, माझ्याकडे राहून कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी आयटीआयमधून मशिनिस्ट ट्रेड, म्हणजे मशिनवर लोखंड कापून मापात भाग बनवायचा कोर्स, पूर्ण करून बाहेर पडली. कुठली आयटीआय ते मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं तक्रारी पण लिहिणार आहे आणि तिथल्या सरांना कुणी उगाच बोल लावावा असं मला वाटत नाही. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली आहे.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी डीएड. २००९ ला पास झाले. त्या वेळी आमच्याकडे हुशार पोरगी म्हणजे डीएड हे ठरलेलंच, गल्लीत आम्ही तिघी होतो, बारावीला मार्क चांगले पडले की घरात पेढे आणि दुसऱ्या दिवशी डीएडचा फॉर्म. वडिलांनी एक म्हैस विकली फीसाठी. तेव्हा कुणीही असा विचार केला नाही की एवढी कॉलेजं निघालीत, दर वर्षी एवढी पोरं बाहेर पडतायत, आणि शाळा तर तेवढ्याच आहेत, पट तर उलट कमी व्हायला लागलाय. २०१२ पासून भरती जवळजवळ थांबलीच, २०१३ च्या डिसेंबरात टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, मग २०१७ च्या डिसेंबरात भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, त्यानंतरची चाचणी थेट २०२३ ला. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगा झाला, खासगी शाळेत साडेतीन हजारावर शिकवलं, आणि शेवटी टॅली शिकून शिरोली एमआयडीसीत एका मशिन शॉपच्या ऑफिसात लागले ती आजतागायत तिथंच आहे. जॉबवर्कची चलनं, इन्स्पेक्शन रिपोर्ट, कामगारांची हजेरी हे माझं काम. आमच्या तिघींपैकी एकच मास्तरीण झाली, ती पण दुसऱ्या जिल्ह्यात. माझं शिक्षण वाईट होतं असं मी कधीच म्हणणार नाही, पण ते शिक्षण आणि आमच्या आजूबाजूला असलेलं काम यांची गाठ पडली नाही आणि त्यात माझी दहा वर्षं गेली. म्हणून भाचीच्या वेळी मी पहिल्या दिवसापासून मध्ये पडले.

आता ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. लोकांना वाटतं इथं फक्त चप्पल, गूळ आणि तांबडा-पांढरा. पण शिवाजी उद्यमनगरात ऑईल इंजिनं बनायची तेव्हापासून इथं लोखंडाचं काम हाताला आहे, आणि आता शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी धरली तर फाउंड्रीच, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचे कारखाने, शेकड्यांनी आहेत. ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांची कास्टिंग इथं ओतली जातात. आणि ओतलेलं कास्टिंग तसंच गाडीत बसत नाही, त्याला मशिनिंग लागतं, कापून-छेदून मापात आणावं लागतं, त्यामुळे प्रत्येक फाउंड्रीमागं चार-पाच छोटी मशिन शॉप जगतात, आमच्यासारखी, कुठं दोन व्हीएमसी, कुठं सहा सीएनसी लेथ (ही सगळी कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं). तिथं माणूस लागतो आणि तो सारखा लागतो. माझ्या टेबलासमोरच्या बाकड्यावर कामाला विचारायला येणारी पोरं बसतात त्यामुळे मला हे रोज दिसतं. बीए, बीकॉम झालेला पोरगा येतो, नम्र असतो, काहीही करीन म्हणतो, आणि त्याला हेल्पर म्हणून घेतात कारण त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, वाचता येत नाही. मेकॅनिकलचा बीई येतो, त्याला वाटतं ऑफिसात बसायला मिळेल, पण आमच्याकडे इंजिनिअर म्हणून जागा एकच आणि ती भरलेली, ऑपरेटर म्हणून उभं राहायला त्याला घरच्यांची लाज वाटते (आणि घरच्यांनी चार वर्षं फी भरलीय म्हटल्यावर त्यांना तरी काय बोलणार). आयटीआयवाला येतो, साहेब त्याच्या हातात एक जॉब, म्हणजे मशिनवर केलेला लोखंडाचा तुकडा, आणि मायक्रोमीटर देतात, माप बरोबर सांगितलं की सोमवारपासून ये म्हणतात. एवढाच इंटरव्ह्यू.

देशाचे आकडे पण हेच सांगतात. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२२-२३ ला एकूण बेरोजगारी ३.२ टक्के होती आणि पदवीधरांमधली १३ टक्क्यांच्या वर. म्हणजे कमी शिकलेल्याला काम मिळतं आणि ते चांगलं असतं असा अर्थ अजिबात नाही, त्याला रिकामं बसणं परवडत नाही म्हणून तो मिळेल ते धरतो, आणि पदवीवाला आपल्या शिक्षणाला शोभेल असं काम यायची वाट बघतो. ती वाट बघणं काय असतं ते मला विचारा.

तर ट्रेड निवडायची वेळ. भाचीला दहावीला ७१ टक्के. ताईचं म्हणणं आर्ट्सला जाऊ दे, लग्न होईपर्यंत पदवी होईल. दाजींचं म्हणणं आयटीआयच करायची तर कोपा किंवा शिवणकाम घे, मुलीच्या जातीला ते बरं. कोपा म्हणजे कॉम्प्युटरचा एक वर्षाचा ट्रेड. मी दाजींना एकच विचारलं, आपल्या गावापासून बसनं तासाभरात जाता येईल अशा अंतरात कोपा झालेल्या किती पोरी कामाला आहेत ते मोजून सांगा. त्यांनी खरंच मोजलं. दोघी सापडल्या, एक झेरॉक्सच्या दुकानात आणि एक सेतू केंद्रात. मग मी म्हटलं आता मशिन शॉप मोजा. ते हायवेनं रोज ये-जा करतात, त्यांना मोजायची गरज पडली नाही.

इलेक्ट्रिशियनला सगळ्यात गर्दी असते, कटऑफ पण सगळ्यात वर, कारण प्रत्येकाच्या डोक्यात महावितरणची विद्युत सहायकची भरती असते. ट्रेड चांगलाच आहे, पण भरती निघेल तेव्हा निघेल म्हणून घेत असाल तर माझं डीएड आठवा. वायरिंगचं काम मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या, घरोघरी काम आहे.

प्रवेश ऑनलाइन आहे, सगळ्या महाराष्ट्राचा एकत्र, दहावीच्या मार्कांवर, राउंड लागतात, मुलींना ३० टक्के जागा राखीव. वयाची वरची अट नाही हे पुष्कळांना माहीत नसतं, तिच्या वर्गात तीस वर्षांचा एक दादा होता, आधी गवंड्याच्या हाताखाली होता. सरकारी आयटीआयची फी म्हणाल तर आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी, वर बसचा सवलतीचा पास. त्याच काळात आम्ही एक खासगी आयटीआय पण बघून आलो, नाव घेत नाही. फी कितीतरी पट आणि तिथल्या ऑफिसातला माणूस आम्हाला कौतुकानं सांगत होता की हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला आलं तरी चालतं. मी तिथूनच उठले. पोरीला कागद नको होता मला, हात पाहिजे होता. वर्कशॉप बघू म्हटलं तर कुलूप, किल्ली सापडेना.

पहिलं वर्ष. पहिले कितीतरी आठवडे फक्त फाइलिंग, म्हणजे कानस. लोखंडाचा एक तुकडा, तो व्हाइसमध्ये धरायचा आणि घासायचा, सपाट होईपर्यंत घासायचा, आणि मग ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घास. पोरीच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, रात्री भाकरी थापता येईना. ताई फोनवर रडली की पोरीला कशाला या कामाला लावलंस. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिचे निदेशक, म्हणजे वर्कशॉपमध्ये शिकवणारे सर, त्यांना मी एकदा जाऊन भेटले, ते म्हणाले मॅडम, मशिनवर बटण दाबायला चार दिवसात कुणीही शिकतं, पण अर्धा मिलिमीटर म्हणजे किती हे हाताला कळायला हेच करावं लागतं. आणि खरंच, चौथ्या महिन्यात ती घरी आली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याची फरशी एका बाजूला उतरती आहे हे नुसतं हात फिरवून सांगितलं. मी लेव्हल आणून बघितलं, होती. सहा वर्षं त्या ओट्यावर काम करतेय मी, मला कधी कळलं नव्हतं.

नंतर लेथ, म्हणजे जॉब फिरतो आणि हत्यार त्याला कापतं, मग मिलिंग, तिथं हत्यार फिरतं. मशिनं जुनी आहेत, काही तर माझ्या वयाची असतील, पण चालू आहेत, आणि जुन्या मशिनवर शिकलेलं पोरगं नव्या मशिनवर जास्त भरवशाचं असतं असं आमचे साहेब म्हणतात कारण त्यानं सगळं हातानं केलेलं असतं, आवाजावरून त्याला कळतं की कट जास्त घेतलाय.

दुसऱ्या वर्षी गिअर कटिंग आलं आणि तिथं मात्र पोरगी अडली. मिलिंग मशिनवर इंडेक्सिंग हेड असतं, त्याचा हँडल ४० वेळा फिरवला की जॉब एकदा पूर्ण फिरतो, म्हणून जेवढे दात पाडायचे तेवढ्यानं ४० ला भागायचं. २४ दातांचा गिअर असला तर ४० भागिले २४, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि वर दोन तृतीयांश. आता दोन तृतीयांश फेरा फिरवायचा कसा? तर इंडेक्स प्लेटवर १८ भोकांचं वर्तुळ असतं, त्यातली १२ भोकं मोजायची. हे तिला काही केल्या समजेना, पाठ करत बसली होती आणि दात चुकत होते, एक जॉब वाया गेला. त्या रात्री मी ताटात भाकरी घेतली आणि १८ खुणा केल्या. अपूर्णांक कसा शिकवायचा, आधी वस्तू हातात द्यायची मग आकडा, हे डीएडला आम्हाला पाठ घेऊन घेऊन शिकवलं होतं. अर्ध्या तासात तिला उमगलं, मग तीच मला २८ दातांचं सांगायला लागली की आता २१ भोकांचं वर्तुळ घ्यायचं आणि एका फेऱ्यावर ९ भोकं. मला त्या रात्री झोप लागली नाही आनंदानं. इतक्या वर्षांनी माझं शिकलेलं कुणाच्या तरी पोटापाण्याच्या कामाला आलं. आणि एक, तिच्या वर्गातली निम्मी पोरं मशिनला घाबरत नव्हती, अपूर्णांकाला घाबरत होती. तेव्हा आठवी-नववीत पोरगं आयटीआयला जाणार म्हणून गणिताकडे दुर्लक्ष करू नका, उलट तिथंच गणित जास्त लागतं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, सीएनसी मशिन आहे पण दुसऱ्या वर्षातले कितीतरी महिने ते झाकून ठेवलेलं होतं. एकदा बिघडलं, मग दुरुस्तीची मंजुरी, मग ते शिकवणारे सर बदली होऊन गेले आणि त्यांची जागा रिकामी. पोरांनी प्रोग्राम वहीवर लिहिले, कॉम्प्युटरवर सिम्युलेशन बघितलं, पण प्रत्यक्ष टूल ऑफसेट (हत्याराचं माप मशिनला देणं) घ्यायला मिळाला तो अगदी शेवटी दोन-तीन वेळा. बाहेर मात्र सगळं काम सीएनसीवर. ज्या शहरात हजारो सीएनसी चालतात तिथं शिकणाऱ्या पोरांना एक मशिन चालू मिळू नये याचा मला मनापासून राग येतो. एक स्टार इथंच गेला. दुसरं, पोरींना कपडे बदलायला धड खोली नव्हती, वर्कशॉपमध्ये ओढणी चालत नाही, तिथला गणवेश घालावाच लागतो आणि ते बरोबरच आहे, मग खोली द्या ना. पालकसभेत आम्ही चौघींनी लेखी दिलं तेव्हा एक स्टोअर रूम रिकामी करून मिळाली. तिसरं, रोजगार मेळावा. कंपन्या खूप येतात, पण बऱ्याच जणी पुण्याला चाकणला चला म्हणतात, तिथं खोली भाडं आणि मेस भागवून हातात काय राहतं ते पोरांना कुणी बसून सांगत नाही.

थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, सराव प्रश्न मोबाइलवर मिळतात, हजेरी ८० टक्के लागते, त्यात काही विशेष नाही.

पास झाल्यावर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीतली उमेदवारी. इथं मुलगी असल्याचा त्रास झाला. तीन ठिकाणी जॉबचं माप घेऊन दाखवलं, पसंत पडली, आणि मग नाही म्हटले कारण रात्रपाळीला येणार नाही. तेव्हाच्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला बंधन होतं, परवानगी घेऊन आणि गाडी, सुरक्षितता वगैरे सोय करून ठेवता यायचं, पण छोटा कारखानदार म्हणायचा एवढं कोण करणार, त्यापेक्षा पोरगा घेतो. मी त्या कारखानदारांना समजू शकते, मी तशाच ठिकाणी हजेरी लिहिते, तरी पण मापात कुठं कमी नसलेली पोरगी घड्याळामुळे मागं पडते हे बघवत नाही. चौथ्या ठिकाणी, गोकुळ शिरगावात, एका कंपनीनं घेतलं. तिथं इन्स्पेक्शन आणि व्हीएमसीवर आधीच आठ-नऊ मुली आहेत, दोनच पाळ्या, मुलींना पहिली. आज ती बोअर गेज, म्हणजे भोकाचं आतलं माप घ्यायचं साधन, घेऊन हाउसिंगची (कास्टिंगच्या कवचाची) मापं तपासते आणि अर्धा दिवस मशिनवर उभी राहते. तिचे तिथले सेटर, म्हणजे मशिन लावून देणारे, म्हणाले की ही पोरगी कास्टिंगमधलं ब्लो होल (आत राहिलेली हवेची पोकळी) मशिनिंग चालू असताना आवाजावरून ओळखते. पुढं डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिचा विचार आहे, वर्षभर काम करून मग बघू म्हणते. मी घाई करत नाही.

मशिनिस्ट सगळ्यांनी घ्यावा असं मात्र कुणी समजू नका. माझं सासर कणकवलीकडचं. तिथं नणंदेच्या मुलानं माझं ऐकून हाच ट्रेड घेतला असता तर मी त्याचं नुकसान केलं असतं, कारण पास झाल्यावर त्याला गोव्याला नाहीतर पुण्यालाच जावं लागलं असतं, जवळ कारखाना कुठाय. त्यानं फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. मालवण-तारकर्लीला एवढी हॉटेलं झालीत, शिवाय मासळीला बर्फ आणि कोल्ड स्टोअरेज, सीझनला त्याला जेवायला वेळ नसतो. तोही दोन वर्षांचाच कोर्स, तसंच सर्टिफिकेट, पण तो शिरोलीत आला असता तर आमच्या बाकड्यावर बसला असता आणि आमची भाची तिकडं गेली असती तर घरी बसली असती. इचलकरंजीला असाल तर टेक्स्टाईलचं बघा, तिथं माग आहेत आणि शिकायला डीकेटीईसारखी संस्था पण आहे. शेजारणीचा मुलगा बीसीए झाला, हुशार आहे, पुण्यात चांगला लागला, त्याला परत यायचंय पण इथं त्या कामाच्या जागा थोड्या. त्याच्या आईला मुलगा जवळ हवा होता, तर तो विचार कोर्स निवडताना करायला हवा होता, आता रडून उपयोग नाही असं मी तिला म्हणू शकत नाही, पण तुम्हाला म्हणते.

आयटीआय बघायला जाल तेव्हा ऑफिसात माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. वर्कशॉप दाखवा म्हणा, सकाळी ११ च्या सुमाराला जा, बॅच आत असते. मशिनच्या बेडवर ताजं तेल आहे का बघा, खाली चिप पडलीय का बघा, चिप म्हणजे लोखंडाचा कीस, ती असेल तर मशिन चालतंय, धूळ असेल तर चालत नाही. व्हाइसचे जबडे झिजलेले असले तर चांगलं, पोरं काम करतात. निदेशकांच्या किती जागा भरलेल्या आहेत ते थेट विचारा, सांगतात. गेल्या बॅचची चार पोरं आत्ता कुठं आहेत ते विचारा आणि त्यातल्या एकाला तरी फोन लावून बोला. सेफ्टी शूज पहिल्याच आठवड्यात घ्या, भाचीच्या वर्गात एकाच्या पायावर व्ही ब्लॉक (जॉब ठेवायचा लोखंडी ठोकळा) पडला आणि तो चपलेत होता, नख गेलं.

भाचीचा धाकटा भाऊ यंदा नववीला. परवा त्याला सुट्टीत आमच्या शॉपमध्ये घेऊन गेले, दिवसभर बसला, त्याला मशिन आवडलं नाही, आवाजानं डोकं दुखलं म्हणाला. बरं झालं आत्ताच कळलं. पुढच्या महिन्यात एका ओळखीच्या नर्सताईंकडे नेणार आहे.